एका बल्बचा माणूस : पिट्सबर्गमधले चार दिवस

सोमवार

लेकीकडे न्यू जर्सीत येऊन दीड महिना झाला होता. नायगरा झाला, न्यूयॉर्क झालं, वॉशिंग्टनमध्ये उन्हात पाय भाजून झाले. मग एका रात्री जेवताना मी म्हणालो, "मला पिट्सबर्गला जायचंय." जावईबापूंना वाटलं, तिथल्या बालाजीचं दर्शन घ्यायचं असेल. इथे येणारे आपल्याकडचे बहुतेक आईवडील त्याचसाठी जातात. मी म्हटलं, नाही, एका फोटोग्राफरसाठी.

आमचा भाचा अनिकेत तिथेच नोकरीला आहे. तो शनिवारीच गाडी घेऊन आला आणि सोमवारी सकाळी आम्ही एडिसनहून निघालो. साडेपाचशे किलोमीटर तरी असतील. हॅरिसबर्ग मागे पडल्यावर डोंगर सुरू होतात आणि रस्ता चार बोगद्यांतून जातो : ब्लू माउंटन, किटाटिनी, टस्करोरा, ॲलेगेनी. ऑक्टोबर असल्यामुळे झाडं लालपिवळी झाली होती. सुनंदा प्रत्येक वळणावर "अहो, तो बघा" करत होती. मी बघत होतो, पण मनात टीनी हॅरिसच होता.

चार्ल्स 'टीनी' हॅरिस. जन्म १९०८, मृत्यू १९९८. वयाने माझ्या आजोबांच्या पिढीचा, पण धंद्यातला म्हणून मी त्याला अरे-तुरेच करतो. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये जन्मला आणि 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकासाठी १९७५ पर्यंत फोटो काढत राहिला. मागे जवळपास ऐंशी हजार निगेटिव्ह सोडून गेला. बहुतेक सगळ्या आपल्याच वस्तीच्या : लग्नं, बारशी, मोर्चे, बेसबॉल, चर्चमधले पोशाख, पोलीस, पुढारी, नट्या आणि नुसतीच रस्त्यावरून जाणारी माणसं.

मी स्वतः कोल्हापुरात बत्तीस वर्षं वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होतो. ऑफिस नव्या इमारतीत गेलं तेव्हा माझ्या निगेटिव्हची पोती रद्दीबरोबर गेली. कुणी विचारलंही नाही. त्यामुळे ऐंशी हजार हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा कौतुकाआधी पोटात दुखलंच.

संध्याकाळी अनिकेतने माउंट वॉशिंग्टनवर नेलं. १८७७ पासूनची ड्यूकेन इनक्लाइन नावाची लाल डब्याची गाडी दोरावर ओढली जात डोंगर चढते. वर पोचलं की खाली ॲलेगेनी आणि मोनोंगहेला एकमेकींना भेटतात आणि ओहायो नाव घेऊन पुढे जातात. सुनंदा म्हणाली, "कऱ्हाडचा प्रीतिसंगमच की." पुलांची मात्र मोजदाद नाही. शहराच्या उंच इमारतींमागे एक टेकडी दिसत होती, दिवे जरा कमी. अनिकेत म्हणाला, "मामा, तीच हिल."

मंगळवार

सकाळी नऊला तयार होऊन बसलो. अनिकेतने चहा पिता पिता फोन पाहिला आणि कपाळावर हात मारला. टीनीचे फोटो जिथे आहेत ते कार्नेगी म्युझियम मंगळवारी बंद असतं. चूक माझीच. दोन महिने बेत आखला, वार पाहिला नाही. आयुष्यभर कार्यक्रमपत्रिका खिशात घेऊन फिरलो आणि इथे साधा वार चुकलो.

"मग आधी हिल बघू," मी म्हणालो. आता वाटतं, हेच बरं झालं. फोटो आधी पाहिले असते तर ती टेकडी मी टीनीच्या डोळ्यांनी पाहिली असती. मंगळवारी ती मला जशी आहे तशी दिसली.

शहराच्या मध्यभागातून चालत वर जायचं. मध्ये मोठा हमरस्ता खोल खणून नेलाय. त्याच्या डोक्यावर आता फ्रँकी पेस पार्क नावाची बाग केली आहे. फ्रँकी पेस या हिलमधल्या दुकानदार बाई, वस्तीसाठी भांडणाऱ्या. बाग ओलांडली की लोअर हिल लागते. लागते म्हणजे काय, लागत नाही. डांबराचे लांबरुंद पार्किंग, एका अंगाला नव्या काचेच्या इमारती, आणि वारा.

इथे पूर्वी घरांना घरं चिकटलेली होती. इटालियन, ज्यू, सिरियन, दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं, सगळे एकाच गल्लीत. १९५६ मध्ये पाडापाडी सुरू झाली. ९५ एकर, आठ हजारांवर माणसं, चारशेहून अधिक दुकानं आणि धंदे. त्या जागी उघडझाप होणाऱ्या पोलादी घुमटाचं सिव्हिक अरीना १९६१ मध्ये उभं राहिलं. मुळात ते ऑपेरासाठी होतं, नंतर आइस हॉकी तिथे रुजली. पुढे हॉकीवाले रस्त्यापलीकडच्या नव्या स्टेडियममध्ये गेले आणि २०११-१२ मध्ये अरीनाही पाडलं. म्हणजे ज्याच्यासाठी वस्ती गेली ते पन्नास वर्षांत गेलं, आणि उरलं पार्किंग.

अनिकेत इंग्रजीत 'डिस्प्लेस्ड' म्हणत होता. मी म्हटलं, अरे, आपल्याकडे याला शब्द आहे : प्रकल्पग्रस्त. कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांचे मोर्चे मी कितीदा टिपलेत. हातात कागदांची पिशवी, त्यात सात-बारा, आणि प्रत्येकजण तो कागद कॅमेऱ्यासमोर धरणार. फोटोत अक्षर येत नाही हे त्यांना सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

क्रॉफर्ड स्ट्रीट आणि सेंटर ॲव्हेन्यूच्या चौकाला फ्रीडम कॉर्नर म्हणतात. समोर सेंट बेनेडिक्ट द मूर चर्च, त्याच्या मनोऱ्यावर दोन्ही हात पसरलेला संताचा पुतळा. वस्तीने इथे मोठा फलक लावला होता : नगरपालिकेने आणि पुनर्विकासवाल्यांनी लक्षात ठेवावं, या जागेपुढे पुनर्विकास नाही. त्या फलकाचा फोटो टीनीनेच काढला. आणि खरंच, पाडापाडी त्या चौकापाशी थांबली. नागरी हक्कांचे मोर्चे पुढे याच चौकातून निघू लागले. आता तिथे स्मारक आहे.

एक गोष्ट मला तिथे उभं असताना सारखी टोचत होती. टीनीला 'वन शॉट' हे नाव दिलं महापौर डेव्हिड लॉरेन्स यांनी. बाकीचे फोटोग्राफर फ्लॅशचे दहा दहा बल्ब उडवायचे, टीनी एकच काढून चालू पडायचा, म्हणून. किती प्रेमाने ठेवलेलं नाव! आणि लोअर हिलवर बुलडोझर गेला तोही याच लॉरेन्स यांच्या कारकिर्दीत. पुढारी तुम्हाला नावाने ओळखतो म्हणून तुमची गल्ली वाचते असं नाही. हे कोल्हापुरात शिकलो होतो, इथे उजळणी झाली.

वर सेंटर ॲव्हेन्यूने चढत गेलो. या रस्त्यावर टीनीचा स्टुडिओ होता. न्यू ग्रॅनडा थिएटरची इमारत उभी आहे. लुई बेलिंजर या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने १९२०च्या दशकात ती बांधली. विटांचा भक्कम दर्शनी भाग पाहून मला आमचं जुनं टॉकीज आठवलं. पलीकडच्या वायली ॲव्हेन्यूवर क्रॉफर्ड ग्रिल हे जॅझचं हॉटेल, म्हणजे दुसरं, कारण पहिलं जळालं. अमेरिकेतला मोठ्यातला मोठा जॅझवाला गावात आला की इथे येणारच. आता दार बंद आणि बाहेर माहितीची निळी पाटी.

ग्रिलचा मालक गस ग्रीनली. त्याच्या जोडीला टीनीचा थोरला भाऊ विल्यम, ज्याला सगळे वूगी म्हणत. दोघांचा खरा धंदा 'नंबर्स'. अनिकेतला हे समजावून सांगताना मी घसा खाकरला, कारण मामी शेजारी होती. "अरे, मटका!" लोक तीन आकड्यांवर नाणी लावायचे आणि पेपरात छापून येणाऱ्या बाजारातल्या आकड्यांवरून नंबर फुटायचा. आपल्याकडचा आकडाही न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावरूनच सुरू झाला होता की. बँका कृष्णवर्णीयांना उभं करत नसत तेव्हा वस्तीतल्या कित्येकांना कर्ज या नंबरवाल्यांकडून मिळे. ग्रीनलीने त्या पैशातून पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स हा बेसबॉल संघ पोसला आणि १९३२ मध्ये स्वतःचं मैदान बांधलं. टीनीही आधी बेसबॉल खेळायचा आणि भावाच्या धंद्यात हात लावायचा. कॅमेरा नंतर आला.

बसथांब्यावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. डोक्यावर जांभळी टोपी, मांडीवर किराणा. मी गळ्यातल्या कॅमेऱ्याला हात लावून नुसतं विचारलं, "टीनी हॅरिस?" बाई हसल्या. मग जे बोलल्या त्यातलं निम्मं मला कळलं, बाकीचं अनिकेतने सांगितलं. त्या सहा वर्षांच्या असताना चर्चमधल्या ईस्टरच्या कार्यक्रमात टीनीने त्यांचा फोटो काढला होता. पांढरे मोजे होते, त्यातला एक घसरला होता. आईने तो फोटो दिवाणखान्यात लावला आणि लग्न होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने त्यांना त्या मोज्यावरून चिडवलं. तो सगळीकडे असायचा, बाई म्हणाल्या, मोठी गाडी, डोक्यावर हॅट, आणि घाईत कधीच नाही. त्यांची बस आली. नाव विचारायचं राहिलं. पत्रकाराने करू नये अशी चूक.

बुधवार

कार्नेगीत कलेचं आणि निसर्गाचं अशी दोन संग्रहालयं एकाच छपराखाली आहेत. त्यामुळे टीनीकडे जाताना डायनोसॉर आडवे येतात. सुनंदा तिथेच रमली. मी सरळ आत गेलो.

पहिला फोटो पाहिला तो लहान मुष्टियोद्ध्याचा. पाच-सहा वर्षांचं पोर, हातात तोंडापेक्षा मोठे ग्लोव्हज, आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाला आव्हान. खासबागेत आणि तालमीत मी अशी किती पोरं टिपली! लंगोट ढिला, मांडी ठोकायची हौस दांडगी. पण माझ्या फोटोंत ती पोरं गोड दिसायची. टीनीच्या फोटोतलं पोर गोड नाही. ते पैलवान आहे. कॅमेरा त्याच्या उंचीवर खाली आणलाय, एवढंच केलंय. एवढंच मला बत्तीस वर्षांत रोज सुचलं नाही.

मग पेपरच्या स्टॉलवर कॉमिक वाचणारी मुलगी. मागे मासिकांच्या भिंती आणि ती वाचण्यात बुडालेली. फ्लॅशचा बल्ब उडाला असेल तरी मान वर झालेली नाही. लीना हॉर्न ही गायिका-नटी, १९४४, स्टॅनली थिएटरच्या मेकअपच्या खोलीत आरशासमोर. तिच्याकडे टीनी ज्या अदबीने बघतो त्याच अदबीने तो गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या राहिलेल्या वस्तीतल्या बाईकडे बघतो. लीनाला जास्त उजेड नाही, त्या बाईला कमी नाही.

आता धंद्यातलं थोडं सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा. त्याचा कॅमेरा स्पीड ग्राफिक. चार बाय पाच इंचांची सुटी फिल्म, एका होल्डरमध्ये दोन, पाठपोट. फोटो काढायचा म्हणजे होल्डर सरकवा, पडदी ओढा, शटर ताणा, बल्ब बसवा, मग खटका. एकदा उडालेला बल्ब गेला. तो चटका बसेल इतका तापलेला काढायचा आणि नवा लावायचा. मी रोलवर काम केलं. ओरवो मिळाली तर ओरवो, नाही तर उटीची इंदू. छत्तीस फ्रेम असूनही साहेब ओरडायचे, "रोल वाया घालवू नको." त्यामुळे टीनीचा 'वन शॉट' म्हणजे निव्वळ काटकसर होती असं मला आधी वाटायचं. बल्बला पैसे पडतात, पेपर गरीब, बाकी काय. भिंतीवरचे फोटो पाहून मत बदललं. खटका दाबायच्या आधी तो माणसांशी बोललेला आहे. खांदा वळवलाय, मुलाला पुढे घेतलंय, मागे उभ्या असलेल्या आजीला खुर्ची दिलीय. एकाच बल्बात भागतं कारण काम आधीच झालेलं असतं. नाद खुळा!

त्या काळात गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांत या वस्तीला जागा मिळायची ती बहुधा गुन्ह्याच्या पानावर. 'कुरिअर'मध्ये तीच माणसं पदवी घेताना, लग्न करताना, मत टाकताना दिसायची. आणि 'कुरिअर' नुसता पिट्सबर्गचा नव्हता. रेल्वेच्या पुलमन डब्यांतले कृष्णवर्णीय नोकर त्याचे गठ्ठे दक्षिणेतल्या राज्यांत पोचवायचे, कारण तिथे असा पेपर उघड विकणं जोखमीचं होतं. १९४२ मध्ये याच पेपराने 'डबल व्ही' मोहीम काढली : एक विजय परदेशातल्या शत्रूवर, दुसरा घरातल्या वर्णभेदावर. आपल्या ज्योतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ती मुक्ती ऐंशी वर्षांनंतरही किती अपुरी होती, हे या फोटोंत पोहण्याच्या तलावाबाहेर फलक घेऊन उभी असलेली माणसं दाखवतात.

निगेटिव्हची कथा वेगळीच. १९८६ मध्ये थोड्या पैशांवर आणि पुढच्या मोबदल्याच्या आश्वासनावर त्या दुसऱ्याच्या ताब्यात गेल्या. मोबदल्यावरून वाद झाला, १९९८ मध्ये म्हाताऱ्याने दावा लावला आणि निकालाआधीच तो गेला, वय ८९. कोर्टाने निगेटिव्ह कुटुंबाला परत दिल्या आणि २००१ मध्ये या संग्रहालयाने त्या विकत घेतल्या. मग लक्षात आलं की बहुतेकांवर नावं नाहीत, तारखा नाहीत. मला यात नवल वाटलं नाही. आपण कुठे लिहितो? उद्याच्या अंकात गेला की फोटो संपला.

संग्रहालयाने मग फोटो घेऊन वस्तीलाच विचारलं. म्हाताऱ्या माणसांना बसवून दाखवले : ही कोण, हे दुकान कुठलं, हा मोर्चा कशाचा? एकेक नाव असं जमवत आणलं. एवढ्या मोठ्या संग्रहालयाने ओळख पटवण्यासाठी चर्चमधल्या आजींपुढे बसावं, हा टीनीचा मला सगळ्यात मोठा सन्मान वाटला. २०११ मध्ये त्याच्या जवळपास एक हजार फोटोंचं भव्य प्रदर्शन भरलं, ते तर भरायलाच हवं होतं. पण ही नावं विचारणं म्हणजे त्याचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करणं. संग्रह आता जालावर शोधता येतो. मी अनिकेतच्या फोनवर 'ईस्टर' घालून बराच वेळ पांढऱ्या मोज्यांची पोर शोधली. घसरलेल्या मोज्यांच्या पोरी पुष्कळ निघाल्या.

सुनंदा डायनोसॉर संपवून आली. लहान मुष्टियोद्ध्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्याकडे बाळ्याचा असा एक होता ना? तालमीतला?" होता. त्या पोत्यात गेला.

बाहेर पडून जवळच फोर्ब्स फील्ड या जुन्या बेसबॉल मैदानाची उरलेली भिंत पाहिली. विटांची, वेल चढलेली. १९७१ मध्ये मैदान पाडलं तेव्हा ही तेवढी ठेवली. शेजारच्या विद्यापीठाच्या इमारतीत मैदानाची होम प्लेट, म्हणजे फटका मारणारा जिच्याशेजारी उभा राहतो ती पाटी, काचेखाली जमिनीत बसवली आहे आणि विद्यार्थी तिच्यावरून खुशाल चालत जातात. इथे होमस्टेड ग्रेज हा कृष्णवर्णीयांचा संघ खेळायचा, त्यांचा जॉश गिब्सन खेळायचा, आणि टीनी बाजूला बसून टिपायचा.

गुरुवार

सकाळी बालाजी झाला. पेन हिल्समधलं हे मंदिर १९७६ पासूनचं आहे. चिंचेचा भात उत्तम. सुनंदाची ट्रिप इथे वसूल झाली.

परत येताना बेडफोर्ड ॲव्हेन्यूवर नाटककार ऑगस्ट विल्सन यांचं जन्मघर पाहिलं, तेही आता कलाकारांसाठी दुरुस्त करून उघडलं आहे. हिलमधल्या माणसांवर त्यांनी विसाव्या शतकाच्या दशकादशकाची दहा नाटकं लिहिली. दोघांची एकच वस्ती, एकाने कानाने टिपली, एकाने डोळ्याने.

दुपारी मी हट्टाने ॲलेगेनी दफनभूमीत जायचं ठरवलं. जॉश गिब्सन तिथे आहे. कृष्णवर्णीयांच्या लीगमधला बलाढ्य फटकेबाज. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने गोऱ्यांच्या लीगचं दार उघडलं एप्रिल १९४७ मध्ये. गिब्सन त्याच वर्षीच्या जानेवारीत गेला, पस्तिसाव्या वर्षी. टीनीने त्याला मैदानात कितीदा टिपलं, आणि थडग्यावर मात्र १९७५ पर्यंत साधा दगडही नव्हता.

डोंगरउतारावर अर्धा तास शोधलं. पानांचा खच पडलेला. शेवटी सुनंदालाच सापडलं. जमिनीत बसवलेला लहानसा सपाट दगड, त्यावर नाव, सालं आणि 'लेजंडरी बेसबॉल प्लेयर' एवढे शब्द. कुणीतरी एक चेंडू ठेवला होता, पावसाने शिवण उसवलेली. सुनंदाने दगडावरची पानं हाताने बाजूला केली.

अनिकेतने फोन काढून खटाखट वीसेक फोटो घेतले. मी म्हटलं, थांब, आज मी एकच काढणार. गुडघ्यावर बसलो, उजेड पाहिला, चेंडू दगडाच्या कोपऱ्यात आणला, श्वास धरला आणि खटका दाबला. मोठ्या रुबाबात कॅमेरा म्यानात घातला आणि गाडीत जाऊन बसलो.

रात्री अनिकेतच्या मोठ्या स्क्रीनवर पाहिलं. चेंडू छान आलाय. नावावर माझी टोपीसकट सावली पडली आहे, 'जॉश' एवढंच वाचता येतं.